डावीकडची तीट

मी एक जुनी काजळदाणी आहे. पितळेची, मुठीत मावेल एवढी. माझ्या पोटात अंधार असतो, आणि माणसं तो अंधार बोटाच्या टोकावर घेऊन आपल्या लेकरांच्या गालाला लावतात. मित्रांनो, लेकरू फार उजळ दिसू नये म्हणून घरात चिमूटभर अंधार जपून ठेवणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्याच हातात माझं आयुष्य गेलं.

मला घडवलं रत्नागिरीच्या एका तांबटाने. शेवटचा ठोका मारताना त्याचा हात चुकला आणि माझ्या झाकणावर तिळाएवढी खोच पडली. तो हळहळला नाही. म्हणाला, "देखण्या वस्तूला एक खोट हवीच, नाहीतर दिठावते, नजर लागते." त्या खोचेपायी मी चार आणे स्वस्त गेले. पण तेव्हाच मला कळलं, ठिपका म्हणजे राखण.

पुढे मी जमिलाच्या घरी आले. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी थाळी, थाळीला धरलेली काजळी, तिच्यात थेंबभर तूप, असं काजळ ती माझ्यात भरायची आणि तिची लेक समरीन मांडीवर वळवळत असताना गुणगुणायची,

लाविते मी तीट, गालाच्या गो कोनी,
माझ्या अंगणीची फुला, मोजू नका कोनी.

हे नुसतं गाणं नव्हतं, घरची रीत होती. कोंबड्या मोजा, नारळ मोजा, जाळ्यातले बांगडे मोजा; पोरं मोजायची नाहीत. कुणी विचारलं, "किती मुलं तुम्हाला?" तर जमिला म्हणे, "हायत अल्लाच्या मेहेरबानीनं, घर भरलेला हाय." फारच खोदून विचारलं तर एक कमी सांगे. आकडा ऐकायला कोण टपून बसलेलं असतं ते दिसत नाही ना!

समरीनचं लग्न ओवेसशी झालं आणि मी तिच्या पिशवीतून ओमानला आले. मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, ओवेस विजेच्या सामानाच्या दुकानात काम करतो. समरीन रुसैलच्या एका कारखान्यात पाण्याच्या बाटल्या तपासते. दिव्यासमोरून रिकाम्या बाटल्या सरकत जातात. एखादीवर काळा ठिपका दिसला की ती बाटली बाद. मला याचं फार नवल वाटे. घरी जो ठिपका राखण करतो, तोच इथे बाद करतो!

मेहविश झाली, तिच्या गालाला माझं काजळ लागलं. ती चार वर्षांची असताना समरीनला पुन्हा दिवस गेले. येणाऱ्यासाठी म्हणून जमिलाने गावाहून ताजं काजळ धरून पाठवलं. त्याच आठवड्यात कारखान्यातल्या कुठल्याशा कागदावर समरीनने हौसेने लिहिलं, मुलं: दोन. एक हाताशी, एक पोटात.

महिन्याभरात पोटातलं गेलं.

डॉक्टरबाई समजुतीने म्हणाल्या, असं होतं कधीकधी, यात तुमची चूक नाही. समरीनने मान हलवली. पण मी तेव्हा तिच्या मुठीत होते. त्या मुठीला ते पटलं नव्हतं.

ते काजळ कुणाच्याच गालाला लागलं नाही. माझ्या तळाशी सुकून बसलं. वरून नवं काजळ यायचं, संपायचं. तळाचं तसंच राहायचं. मित्रांनो, मस्कतच्या उन्हात पितळ तापून हात भाजतो. त्या दिवसांतही माझ्या तळाशी तिळाएवढी एक जागा थंड असायची.

तीन वर्षांनी अफशीन जन्मली. जमिला व्हिजा काढून लेकीच्या बाळंतपणाला सीबला आली. घरात शेपूच्या खिरीचा, धुरीचा वास भरला. अठ्ठ्याण्णव दिवसांची रजा कधी सरली ते कुणाला कळलं नाही. मग एका रविवारी समरीनला कामावर परतायचं होतं. सकाळी जमिलाने अफशीनच्या गालाला तीट लावली, वरचं काजळ तिथेच संपलं, आणि तिने मला लेकीच्या पर्समध्ये टाकलं.

"ओली बाळंतीण तू. जवळ ऱ्हावंदे."

"अम्मा, कारखान्यात काजळाचा काय काम? तिथं ठिपका बघितला की हाकलतात."

"मग तुना नाय हाकलणार. तू कुठं बाटली हायस?"

रुसैलला कंपनीची बस पोचली. ऑफिसात चंद्रहास बसतो, चिपळूणचा. हसतमुख माणूस, बोलता बोलता शिक्के मारतो. त्याने एक कागद पुढे केला. वरचा मजकूर अरबीत, खाली इंग्रजीत.

"या ताई, आल्यात! बारसं जेवायला बोलवणार होतात, विसरलात. हा परत आल्याचा फॉर्म. एवढं भरा, आज बौशरच्या मोठ्या ऑफिसला जाईल."

समरीनने नाव लिहिलं, तारीख लिहिली, नवऱ्याचं नाव लिहिलं. मग एका चौकटीपाशी तिचं पेन थांबलं. मुलांची संख्या.

माझ्या तळाची थंड जागा त्या क्षणी आणखी थंड झाली.

दोन लिहायचं? मागे दोन लिहिलं होतं तेव्हा काय झालं होतं? चौकट रिकामी सोडायची? उघड्या दारातून कुणीही आत येतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, पर्समध्ये हात घातला, माझं झाकण कुरकुरलं. वर काजळ नव्हतंच. तिचं नख खरवडत थेट तळाशी गेलं, त्या थंड जागेपाशी, आणि जे निघालं ते बोटावर घेऊन तिने चौकटीच्या मधोमध एक तीट लावली. अगदी गालाला लावतात तशी. माझी पोरं राखा, असं तिच्या मनात होतं. आकडा काय, चंद्रहासला ठाऊकच होता. मेहविशचे पेढे त्यानेच खाल्ले होते.

चंद्रहास फोनवर बोलत होता. त्याने न बघता शिक्का मारला. कागद लखोट्यात गेला.

मी ओरडले असते, पण आम्हा भांड्यांचं ओरडणं माणसांना नुसतं कुरकुरणं वाटतं. जे काजळ जन्माला न आलेल्याचं होतं, ते जित्यांच्या चौकटीत जाऊन बसलं होतं.

त्या दुपारपासून विचित्र घडू लागलं. समरीनच्या दिव्यासमोरून एक बाटली गेली, ठिपकेवाली. मग दुसरी. मग ओळीने नऊ बाटल्या, प्रत्येकीवर काळा तीळ, एकाच जागी. यंत्र थांबवलं, साचा पुसला. कारण कुणालाच सापडलं नाही. सुपरवायझर म्हणाला, "यल्ला, धूळ असेल." पण धूळ एकाच जागी कशी बसेल?

पुढच्या आठवड्यात मेहविशचा कान दुखायला लागला. समरीन आणि जमिला तिला घेऊन कंपनीच्या दवाखान्यात गेल्या. खिडकीतल्या बाईने कार्ड घेतलं, पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग मान हलवून म्हणाली, "औलाद माफी."

"माफी?" जमिला पुढे झाली. "ही कशाला माफी मागतंय? काय केलान तिनं?"

समरीनने मेहविशचा हात घट्ट धरला. "अम्मा, हिकडं माफी म्हणजे नाय. ती सांगतंय, पोरा नायत."

"कोनाची पोरा नायत?"

"माजी."

मेहविश आईचा हात धरून उभी होती. इथल्या शाळेत जाऊन तिची मराठी अडखळायला लागली आहे. तिने कानावरचा हात काढला आणि विचारलं, "अम्मी, मी नाय काय?"

मित्रांनो, भर दुपारची वेळ. दवाखान्यात लख्ख पांढरे दिवे. माणसं टोकन घेऊन बसलेली. आणि सात वर्षांची पोर विचारत होती, मी नाही का. मी पर्समध्ये गार पडले होते, सगळीच.

त्या दिवशी रोख पैसे भरून औषध घेतलं. तेव्हापासून मेहविशला एक खोड लागली. काचेचं आपोआप उघडणारं दार आलं की ती आधी एकटी पुढे व्हायची. दार उघडलं की हसायची. एकदा मॉलचं दार क्षणभर उघडलंच नाही. ती तशीच उभी राहिली, मागे न वळता. पाळण्यातली अफशीन मात्र कोपऱ्याकडे बघून हसायला लागली होती. जिथे कुणी नव्हतं तिथे. बाळं अशी हसतातच, जमिला म्हणाली. पण तिने माझ्यात नवं काजळ भरलं आणि दोन्ही नातींच्या दोन्ही गालांना लावलं.

पंचवीस तारखेला पगाराची पावती आली. पगार होता, घरभाडं होतं, प्रवासाचे होते. कुटुंब भत्त्यासमोर शून्य. समरीनने चंद्रहाससमोर पावती ठेवली.

"भाऊ, रजेवर जायच्या आधी मेहविशचा भत्ता येत होता. आता अफशीन आली तर वाढायला हवा. हा शून्य कुठून आला?"

चंद्रहासने चष्मा वर केला. "बसा ताई, सांगतो. रजेत तुम्हाला पैसे आले ते बाळंतपणाचे, तुमच्यासाठी. त्यांची वाट वेगळी. तेवढे दिवस कंपनीचा भत्ता झोपतो. एकच मोठी रक्कम आली म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर तो आपोआप जागा होत नाही. इथे तर जुनं काही पुढे चालतच नाही. तुमचं कुटुंब त्या एका फॉर्मवरून नव्याने मांडतात. फॉर्मवर जे लिहिलं तेवढंच घर. भत्ता त्यावर, दवाखान्याचं कार्डही त्यावर. काय लिहिलं होतंत?"

समरीनने पावतीची घडी घातली. तीट लावली म्हणून सांगायचं? शिक्के मारणाऱ्या माणसाला?

"बौशरला जाऊन मूळ कागद बघा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मीच नीट बघायला हवा होता."

घरी त्या संध्याकाळी सगळा हिशेब समोर आला. गुरुवारी जमिलाचा व्हिजा संपत होता. ती गेल्यावर अफशीनला शेजारी राहणाऱ्या, मूळच्या वसईच्या रोझलिन आंटी सांभाळणार, असं ठरलं होतं. त्यांना द्यायचे पैसे भत्त्यातून जाणार होते. भत्ता नाही तर रोझलिन आंटी नाहीत. आणि मग साडेतीन महिन्यांचं अंगावरचं बाळ आजीबरोबर रत्नागिरीला.

ओवेस तसा विनोदी माणूस. "लोकांची पोरा बिघडतात," तो म्हणाला, "माजी तर गायबच झायली." पण त्याला स्वतःलाच हसू आलं नाही. "अम्माच्या तिकिटासोबत बाळाचा तिकीट काढून ठेवतंव. बौशरला झाला काम तर रद्द करू."

समरीनने अफशीनला छातीशी घेतलं ते सोडलंच नाही.

मंगळवारी सुट्टी टाकून ती बौशरला गेली. जमिला, दोन्ही मुली आणि पर्समध्ये मी. मोठ्या ऑफिसात खूप गारवा होता आणि खूप शांतता. पाटीवर नाव होतं, यासिर. दिशदाशातला, म्हणजे पांढऱ्या लांब झग्यातला ओमानी माणूस, डोळे दयाळू, हिंदी छान बोलणारा. त्याने फाईल उघडून कागद समोर सरकवला आणि चौकटीवर बोट ठेवलं.

"देखिए बहन. आपने खुद लिखा है. सिफर."

समरीनने पाहिलं. चौकटीच्या मधोमध तो काळा ठिपका. अरबी आकड्यांत शून्य असंच लिहितात, एक ठिपका, बस. दहा वर्षं ती हा आकडा गाड्यांच्या पाट्यांवर रोज वाचत होती. आणि तरी तिच्या बोटाला तो आठवला नव्हता. जी तीट तिने राखणीसाठी लावली होती, तिनेच तिचं घर शून्य केलं होतं.

"हे सिफर नाय," तिचा आवाज फुटला. "हे..." तिने मला बाहेर काढलं, झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि यासिरच्या डोळ्यांदेखत अफशीनच्या गालाला ठिपका लावला.

यासिर गालाकडे बघत राहिला. मग कागदाकडे. मग पुन्हा गालाकडे. "सुभानल्ला," तो पुटपुटला. "मेरी माँ भी कुहल लगाती है बच्चों को. आपने कागज़ को लगा दिया!"

जमिलाला एवढंच कळलं की माणूस हसला. ती लेकीला म्हणाली, "भला हाय गो. आये काजळ लावणारी असली की पोरगा भलाच निघतो."

यासिरने नवा कागद काढला नाही. त्याच चौकटीतला ठिपका खोडरबराने हलकेच पुसला, पेन समरीनच्या हातात दिलं. "आप खुद लिखिए. दुरुस्त करके सही. कितने बच्चे?"

पेन कागदापाशी आलं आणि थांबलं. मला तिचा श्वास ऐकू येत होता. आकडा लिहिला तर ऐकणारं कुणीतरी असेल. न लिहिला तर परवा बाळ विमानात. खोलीतला गारवा आता ऑफिसच्या यंत्राचा नव्हता. तो माझा ओळखीचा होता, तळाचा. पाळण्यातून अफशीन जिथे बघून हसायची तसा एक कोपरा इथेही होता. आणि अफशीन तिकडेच बघत होती.

तेवढ्यात मेहविशने आईच्या कोपराला हात लावला.

"अम्मी," ती अडखळत म्हणाली, "मना लिही ना."

समरीनने जमिलाकडे पाहिलं. उभ्या जन्मात पोरं न मोजलेली ती बाई. तिने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि म्हणाली, "लिही बाय. नाय लिवलास तर नजर लागायला पोरा तरी कुठं उरतायत?"

समरीनने लिहिलं. अरबीतच लिहिलं, दोन. मग सवयीने तिचं काजळाचं बोट पुढे झालं, त्या आकड्याच्या उजव्या अंगाला. एक तीट तरी असू दे.

"अरे अरे, उधर नहीं!" यासिरने हात आडवा घातला. "बीस हो जाएँगे! कंपनी बंद करवाओगी?"

ओल्या डोळ्यांनी समरीन हसली. जमिला कारण न कळताच हसली. यासिरने कागद थोडा वळवला आणि आकड्याच्या डाव्या बाजूची रिकामी जागा दाखवली.

"लगाना ही है तो यहाँ. बाईं तरफ के सिफर से कुछ बदलता नहीं." त्याने त्या जागेवर बोट टेकवलं. "मगर रहता है."

त्याला काय ठाऊक होतं? काहीच नाही. तो आकड्यांबद्दल बोलत होता. पण समरीनचं बोट हवेत थिजलं. मग तिने ते पुन्हा माझ्यात घातलं, वरच्या ताज्या काजळातून खाली, तळापर्यंत, जिथे त्या सुकलेल्या काजळाचा शेवटचा कण उरला होता. तो तिने घेतला आणि दोनच्या डावीकडे हळूच टेकवला. मोजला न जाणारा, पण असणारा.

त्या क्षणी माझा तळ कोमट झाला, मित्रांनो. कोपऱ्याकडे बघणारी अफशीन वळली आणि आईकडे बघून रडायला लागली. भुकेने, साध्या बाळासारखी.

यासिरने दुरुस्तीची चिठ्ठी दिली. राहिलेला भत्ताही पुढच्या पगारात येईल असं त्यावर लिहिलं होतं. ओवेसने बाळाचं तिकीट रद्द केलं. गुरुवारी जमिला एकटीच गेली. जाण्याआधी तिने मला चिंचेने घासलं. बाहेरून मी सोन्यासारखी लखलखले. आत एक तिळाएवढा डाग मात्र निघेना. तिने बोट फिरवलं, थांबली, आणि पुन्हा घासलं नाही. नुसतं गुणगुणली,

दोन माझ्या चिमण्या, दारी गो नाचती,
तिसऱ्याची सावली, तीट होऊन राखती.

मित्रांनो, मी आता रोझलिन आंटींच्या फळीवर असते. रोज सकाळी अफशीनला इथे सोडून कंपनीची बस पकडण्याआधी समरीन मला उघडते. मेहविश काचेच्या दारापुढे आता थांबत नाही. आणि मी म्हातारी झाले आहे, म्हणून एक मागणं मागते. तुमच्या घरात कुणी बाळंतपणाहून कामावर परतत असेल, तर तिच्यासोबत बसून तिचा कागद वाचा. एकही चौकट तिच्या एकटीच्या भीतीवर सोडू नका. जे आहेत त्यांना न घाबरता, ठसठशीत लिहा. न लिहिलेली लेकरं कुणाला दिसत नाहीत. आणि जी लिहिता येत नाहीत, त्यांना पुसू नका. त्यांच्यासाठी डावीकडे थोडी जागा ठेवा. त्याने काही बदलत नाही.

पण ती असते.